अबोला नावाचा खंजीर

ताईंच्या तलवारींना घरातली नावं असत. सेनापतीच्या तलवारीचं नाव ‘सवत’. ते त्याच्या बायकोने रागाने ठेवलं आणि पुढे सगळ्या सैन्यात रुळलं. थोरल्या राणीकडे दोन तलवारी एकाच म्यानात राहायच्या आणि सारख्या एकमेकींवर आपटायच्या. त्यांना ‘जावा’ म्हणत. सरदाराची तलवार ‘पाहुणी’, कारण ती कुठल्याच मालकाकडे फार दिवस टिकली नव्हती. आणि वैद्यकन्येचा खंजीर ‘अबोला’.

ही सगळी ताईंच्या मालिकेतली मंडळी. मालिका फोनवर वाचायची. प्रेमकथा, पण कुठल्यातरी जुन्या, जादूच्या राज्यातली. रोज संध्याकाळी नवा भाग. लोक बसमध्ये वाचत, दवाखान्याच्या रांगेत वाचत. ताईंनी लिहिलेला भाग फोनवर चढवायचा आणि वाचकांचे अभिप्राय बघायचे, हे माझं काम. मी साहित्यात एम.ए. केलं आहे. आई सगळ्यांना सांगते, मुलगी पुस्तकांच्या कंपनीत आहे. आमच्या ऑफिसात पुस्तक एकही नाही. खाली गाद्यांचं दुकान आहे. त्यांचा कापूस जिन्यातून वर येतो आणि कीबोर्डमध्ये जाऊन बसतो.

ताई आठवड्यातून एकदा ऑफिसात यायच्या. पन्नाशी उलटलेली, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्या खुर्चीत बसायच्या नाहीत, टेकायच्या. बोलता बोलता डोळे मिटायच्या आणि वाक्य मात्र पुरं करायच्या.

“ही नावं सुचतात कुठून?” मी एकदा विचारलं.

“सासूबाईंनी आयुष्यभर मला नावं ठेवली. मी तलवारींना ठेवते. कुणीतरी चालू ठेवायला नको का?”

त्या हसल्या नाहीत. मी हसले. आमची मैत्री तिथून सुरू झाली असावी.

ताईंचे यजमान सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होते. कुठला नट कुठल्या फळीवर आहे हे त्यांना झोपेतही सांगता यायचं म्हणे. ताई लिहायला लागल्या तेव्हा तलवारींचा हिशेबही त्यांच्याकडे आला. ताई लिहिलेला भाग पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवायच्या. ते दाढी करता करता ऐकायचे.

“थांब. सवत मागच्या आठवड्यात विहिरीत पडली होती. वर कोणी काढली?”

“अरे देवा.”

“देव उतरला होता का विहिरीत? मग तसं लिही.”

पुढे त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एवढा एक रिवाज मात्र गेला नाही. ताई पलंगाशेजारी बसून वाचायच्या. तलवार चुकीच्या हातात गेली की त्यांचा डावा हात चादरीवरून वर यायचा. ताई खोडायच्या. मग हात खाली. मी त्यांना भावोजी म्हणायचे. एकदा माझ्यासमोर हात वर आला होता. जावांपैकी धाकटी मोडलेली आहे हे ताई विसरल्या होत्या. ते मलाही आठवत नव्हतं. भावोजींच्या ओठाचा चांगला कोपरा जरासा वर गेला होता.

मालिकेतल्या सरदाराचाही उजवा हात लढाईत निकामी झालेला. तो डाव्या हाताने सगळं करायचा. हे मी वाचलं होतं. पण पलंगाकडे बघून वाचलं नव्हतं.

आता अबोल्याचं. त्याचा नियम सगळ्या वाचकांना पाठ होता. मालकिणीवर ज्याचं खरं प्रेम आहे त्याला तो कापत नाही. थोरल्या राणीने खात्री करायला एकदा तो सरदाराच्या गळ्यावरून ओढला होता. ओरखडाही उठला नाही. त्या भागानंतर एका बाईंनी कळवलं होतं, असा खंजीर कुठे मिळत असेल तर पत्ता द्या, दोन हवेत.

गेल्या महिन्यात एक भाग आला. सगळा शांत. लढाई संपली आहे. सरदार वैद्यकन्येच्या उशाशी बसून अबोल्याने तिच्यासाठी सफरचंद सोलतो. सोलता सोलता त्याचं बोट कापतं. रक्ताचा एक थेंब सालीवर पडतो. पुढच्या वाक्यात तो खिडकी लावतो, आणि भाग संपतो.

मी तो चढवला आणि चहा प्यायला गेले. परत येऊन बघते तर अभिप्राय नुसते उसळत होते.

‘गेला. संपलं. प्रेम नव्हतंच त्याचं.’

‘मला पहिल्यापासून संशय होता. फार गोड बोलायचा.’

‘आज नवऱ्याला सफरचंद सोलायला देते.’

आमचे साहेब दिवसभर वाचकसंख्येचा आलेख बघत बसतात, म्हणून आम्ही त्यांना आलेखराव म्हणतो. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. माझ्यासमोरच म्हणाले, “मानलं तुम्हाला. इतकी वर्षं सरदार सांभाळलात आणि एका सफरचंदावर उडवलात.”

“ते दुरुस्त करायचं होतं,” ताई म्हणाल्या.

“दुरुस्त? ही रेघ बघा. गच्चीतून बाहेर गेलीये. आता सरदार राणीचा हेर. पहिल्यापासून हेर. प्रेमबिम सगळं नाटक. उद्याच्या भागात तिला कळतं.”

“तो हेर नाही.”

“ताई, बोट कापलंय त्याचं. नियम तुमचाच आहे.”

ताईंनी डोळे मिटले. “उद्या सांगते,” म्हणाल्या आणि उठल्या. उठताना टेबल धरलं. मी त्यांची पिशवी घेतली आणि सोबत निघाले.

रस्त्यात मी न राहवून बोलले. मला खरंच वाटत होतं, ही फार मोठी कलाकृती आहे. सफरचंद, साल, तो एक थेंब. काहीच न सांगता सगळं सांगितलेलं. मी विचारलं, “ताई, हे बोट कधीपासून मनात होतं?”

“मनात कुठलं? ते चुकून राहिलं.”

“म्हणजे?”

त्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या. माणसं जिन्यावर दमतात तशा त्या सपाट रस्त्यावर दमल्या होत्या.

“वर्ष होत आलं, त्यांना चुका सापडेनाशा झाल्यात,” त्या म्हणाल्या. “आधी वाटलं, माझ्याच होत नसतील. मग मी मुद्दाम घालायला लागले. निवडलेल्या तांदळात एक खडा परत टाकावा तसा. सोपा खडा. मेलेल्या माणसाच्या हातात तलवार द्यायची. हात वर आला की खोडायचं. त्यांना बरं वाटायचं. मलाही.”

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“त्या दिवशीचा खडा बोटाचा होता. सगळ्यात सोपा. लहान पोरगंही ओरडलं असतं. मी वाचलं आणि थांबले. हात आला नाही. वाटलं येईल. पुढचं वाचलं. खिडकी लावली, भाग संपला. त्यांच्या तोंडावरची लाळ पुसली आणि दिला पाठवून. हात वर आल्यावरच खोडायची सवय गं. तो आलाच नाही.”

त्या उठल्या. चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, “आता यांना हवाय हेर. लिहीन मी. हाताला काय, लिहील. पण मग घरी बसून ते वाचायचं कुणासमोर? सरदाराचं तिच्यावर कधीच प्रेम नव्हतं, हे मी त्यांना वाचून दाखवू? सरदार कोण आहे ते त्यांना ठाऊक आहे.” मग जरा थांबून, “होतं,” म्हणाल्या.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. पलंग खिडकीला लावलेला, म्हणजे भावोजींना समोरच्या इमारतीचा जिना दिसेल. दिवसा सोबतीला येणाऱ्या शेजारीणबाई चपला घालत होत्या.

“आज शहाण्यासारखे होते. जेवले. सगळं छान म्हणाले.”

छान हा एकच शब्द भावोजींना परत आला होता. पूर्वी तो आला तेव्हा ताईंनी ऑफिसात पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना सांगितला होता. आता मी खोलीत गेले तर मला म्हणाले, छान. पिशवीकडे बघून, छान. दिवा लावला, तरी छान.

ताईंनी तोंड धुतलं. कपडे बदलले नाहीत. मोरीशेजारच्या टेबलाशी बसल्या आणि एकटाकी लिहायला लागल्या. मी चहा केला. त्यांचा गार झाला. मी परत तापवला, तो परत गार झाला. भावोजी जिना बघत होते. कुणी चढलं की नजर त्याच्याबरोबर वर जायची.

मग ताई पलंगाशेजारच्या स्टुलावर आल्या. “आज खडा नाही घातला,” मला म्हणाल्या. “दमले.” आणि वाचायला लागल्या.

वैद्यकन्येला साल सापडते. ती सालीवरचा थेंब बघते. तिची दाई बघते, राणीची माणसं बघतात. सगळा महाल तिला येऊन सांगतो, बघ, तो तुझा नव्हताच. ती कुणाशी वाद घालत नाही. सरदाराचं बोट धुते, त्यावर पट्टी बांधते. मग दाईला म्हणते, खंजीर म्हातारा झालाय. त्याला आता माणसं ओळखू येत नाहीत.

दाई म्हणते, मग फेकून दे.

ती म्हणते, इतकी वर्षं त्याने मला राखलं. आता मी त्याला कमरेला बांधून हिंडेन. सफरचंद तेवढं त्याच्याकडे द्यायचं नाही.

ताईंचा आवाज सपाट होता. बाजारातून काय आणायचं ते वाचावं तसा. मी भिंतीला टेकून उभी होते. एम.ए.ची दोन वर्षं मी कथेचं तंत्र शिकले. त्यातलं काहीही त्या क्षणी माझ्या मदतीला आलं नाही.

“सरदार उठला,” ताईंनी पुढे वाचलं. “पाहुणी त्याच्या कमरेला होती.”

डावा हात चादरीवरून वर आला.

ताई थांबल्या. वाक्य बरोबर होतं. पाहुणी त्याच्याच कमरेला होती. लढाईच्या आधीपासून होती. मला ते भाग पाठ आहेत. हात मात्र वरच होता. खाली येत नव्हता.

“चुकलं होय?” ताई म्हणाल्या.

हात तसाच.

“अहो, मग कुणाकडे आहे ती?”

भावोजी ताईंकडे बघत राहिले. जिन्याकडे बघायचे तसे नाही. मग हात हळूहळू खाली आला, पण चादरीवर गेला नाही. ताईंच्या मनगटावर पडला आणि तिथेच राहिला.

ताईंनी दुसऱ्या हाताने पेन घेतलं. ओळ खोडली. वर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, “पाहुणी वैद्यकन्येच्या कमरेला होती. त्याने ती कधी दिली, तिला आठवेना.”

“छान,” भावोजी म्हणाले.

ताईंनी कागद माझ्याकडे दिला. “चढव.”

“साहेबांना विचारायला हवं ना?”

“त्यांना रेघेचं विचारायचं. हे चढव. आणि ऐक, यापुढे यांचा हात जिथे वर येईल तिथे चूक. मग ती असो नसो. कथा काय, जाईल तिकडे. मला नाहीतरी कुठे न्यायचीये.”

मी पलंगाच्या पायथ्याशी बसून फोनवर भाग उतरवला आणि चढवला. ताई स्टुलावर बसूनच झोपल्या होत्या. मनगट त्यांनी सोडवून घेतलं नव्हतं. आलेखरावांचा फोन आला. मी तो वाजू दिला नाही, कापला.

पहिला अभिप्राय लगेच आला. ‘पाहुणी तिच्याकडे कशी? लेखिकेची चूक झाली आहे.’ अशा अभिप्रायांना उत्तर देणं माझं काम आहे. मी लिहिलं, ‘चूक नाही.’

तेवढंच पाठवून दिलं.