वेरूळच्या रस्त्यावर वहिनींबरोबर

आमच्या वहिनींना लाज म्हणून नव्हती. हे मी पूर्ण आदराने लिहितो आहे. सहलीला निघालो की घरातली सगळी लाज माझ्या एकट्याच्या वाट्याला यायची.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पुंडलिकनगरच्या आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना गाव दाखवायचं काम वहिनींकडे असे. खर्च आणि वेळ बघायचं काम माझ्याकडे. पाहुण्यांना किल्ला, लेणी हवी असत. वहिनींना हव्या असत लोकांच्या भाज्या. निघताना त्या धपाट्यांचा मोठा डबा भरून घेत, तो स्वतः खाण्यासाठी नव्हे, बदलण्यासाठी. वाटेत कुणी जेवायला बसलेलं दिसलं की गाडी थांबवायला लावत आणि सरळ विचारत, "काय आणलंय वं आज डब्यात?" मग धपाटे तिकडे, त्यांची भाकरी-भाजी इकडे. मी तोवर चाकातली हवा तपासत असे. आमच्या गाडीच्या चाकांइतकी तपासलेली चाकं शहरात दुसरी नसतील.

"हॉटेलात काय खायचं भाऊजी? तिथं सगळ्या गावांची भाजी एकाच रंगाची असती," असं त्या म्हणत.

एकदा गुलमंडीत पाहुणीची साडी रफू करायला गेलो. रफूवाले चाचा नुकतेच जेवायला बसत होते.

"चाचा, आज क्या लाए?"

चाचांनी डबा जरा बाजूला सरकवला. "खट्टी दाल है बाई, तुमना चलती नहीं."

"न चलायला काय झालं? धपाटे लो हमारे!"

आणि बसल्या की तिथंच, गिऱ्हाइकांच्या मध्ये. मी हळूच म्हणालो, "वहिनी, लोक बघतायत."

"बघू द्या. तुम्ही हिशेब करा, मी जेवते."

पाहुणीला त्या साडीचं काही आठवत नाही. त्या डाळीबद्दल मात्र ती अजून फोनवर विचारते.

दौलताबादच्या पुढे रस्त्याकडेला सीताफळं विकणारी एक बाई बसते. वहिनींची तिच्याशी अदलाबदल ठरलेली. गेल्याच्या गेल्या दिवाळीत नाशिकचे आमचे नवे व्याही-विहीणबाई बरोबर होते. वहिनींनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "लेणी नंतर बघू. आधी अंबाडीची भाजी खाऊ घालते." गाडी थांबली. वहिनी डबा घेऊन उतरल्या, मागून आम्ही.

"काय आणलंय गं आज?"

"आज डबा नाय आणला, ताई."

"का गं? उपास हाय का?"

बाई टोपलीतली फळं नीट लावत म्हणाली, "उपासच म्हणा."

दिवस कुठल्याच उपासाचा नव्हता. वहिनींना ते कळलं, मलाही कळलं. त्यांनी आपला डबा पुढे केला. "हे घे. आज नुसतेच घे."

"नाय ताई. डबा रिकामा कसा परत करू?"

आमच्याकडे तशी रीतच आहे. शेजारून आलेली वाटीसुद्धा साखर तरी घालून परत जाते. वहिनी जन्मभर त्याच रीतीवर जेवत आल्या होत्या. आता त्या डबा तसाच पुढे धरून उभ्या राहिल्या. बाईनेच तोड काढली. धपाटे पदरात घेतले आणि टोपलीतली सगळ्यात मोठी, डोळे उघडलेली सीताफळं वहिनींच्या डब्यात भरली. विकायची फळं होती ती. माझा हात खिशाकडे गेला, तो वहिनींनी गच्च धरला. पैसे दिले असते तर धपाट्यांची भीक झाली असती.

गाडीत विहीणबाईंनी फळांचं कौतुक केलं. वहिनींनी एकही खाल्लं नाही. वेरूळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "भाऊजी, मेले असते तर बरं झालं असतं. काही नसलेल्या घरचा डबा मी चारचौघांत उघडायला लावला."

त्यानंतर त्यांनी कुणालाच विचारलं नाही. वर्षभरात त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. गुडघ्यांमुळे आता प्रवास होत नाही.

या दिवाळीत वेरूळला जायचं ठरलं तेव्हा त्यांचा फोन आला. "तेवढं तिच्या डब्यात काय हाय ते बघून मला सांगा."

"मी? वहिनी, मला नाही जमणार."

"मला तरी कुठं जमतंय आता? धपाटे घेऊन जा."

बाई जागेवरच होती. मी आधी सीताफळांचा भाव विचारला. मग परत भाव विचारला. ती माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा कान तापलेले असताना म्हणालो, "डब्यात काय आणलंय आज?"

ती हसली. "त्या ताईंचे तुम्ही?" तिने झाकण काढलं. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, लसणाचा ठेचा. रस्त्याकडेला बसून मी मान खाली घालून जेवलो. मेथीत तिने शेंगदाण्याचं कूट घातलं होतं.

फोनवर वहिनींना सगळं सांगितलं, कुटासकट. त्यांनी परत एकदा सांगायला लावलं. मग फोन तसाच चालू ठेवून त्या आत सुनेला म्हणाल्याचं मला ऐकू आलं, "तिची चूल पेटतीय गं."