बधिर तुकडी

बातमी अशी होती, की दुसऱ्या मजल्यावरच्या कवळीकाकांनी या वयात दुसरा घरोबा करायचं ठरवलंय. बातमीच्या मूळ मालकीण तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी. त्यांनी काकांना कोपऱ्यावरच्या दुकानात नेलपॉलिश घेताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेही एक नाही, चांगले तीन-चार रंग. वर, "हा फार भडक आहे, जरा विटकरीकडे झुकणारा दाखवा," असंही ते दुकानदाराला म्हणाले होते. काकूंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. जिन्यातून वर जाता जाता बातमीला हातपाय फुटले, आणि गच्चीवर पोचेपर्यंत त्या होणाऱ्या बाईला एक घटस्फोट आणि दोन मांजरंही मिळाली होती.

खरं एवढंच होतं, की ते नेलपॉलिश शिपायांच्या कोटांना लागणार होतं. शिपाई शिशाचे, बोटाच्या पेराएवढे.

काकांचा धंदा कवळ्यांचा. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्यांची हयात गेली. प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, ट्रेमध्ये रांगेनं मांडलेले दात. पेशंट पुढच्या दारानं यायचे आणि पुढच्याच दारानं जायचे, काकांच्या वाट्याला नुसते जबडे. त्यामुळे रस्त्यात कोणी हसलं, की ते आधी दात ओळखायचे आणि मग माणूस. काकू म्हणायच्या, "मला बघायला आलात तेव्हासुद्धा माझं तोंड कुठे बघितलंत? दाढा मोजत होतात."

त्या गेल्या तेव्हा काका रडले नाहीत. लोक वाट बघून बघून आपापल्या घरी गेले. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर आपलाच ओठ कुणा परक्याचा वाटतो, तसं काकांचं सगळं अंगच परक्याचं झालं होतं. वाईट वाटत नव्हतं, कारण वाटतच काही नव्हतं. सकाळी चहानं जीभ पोळली, तर ते त्यांना संध्याकाळी आरशात दिसलं. कोणी काही विचारलं, की ते "हो" म्हणायचे. "नाही" म्हणायला कारण शोधावं लागतं, आणि तेवढे कष्ट कोण घेणार? असंच एकदा भंगारवाल्यानं दारात उभं राहून, "ती खुर्ची द्यायची का?" असं विचारलं. काका म्हणाले, "हो, न्या." ती म्हणजे खिडकीपाशी असायची ती काकूंची वेताची खुर्ची. दुपारी काका सवयीनं खुर्चीचा हात धरायला गेले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. तेव्हाही काही वाटलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांना स्वतःच्या "हो"ची धास्ती वाटू लागली.

चष्मेवाला आला तो त्यानंतर. रस्त्यापलीकडे त्याचं दुकान. काकूंनी नवा चष्मा करायला टाकला होता. तो तयार झाला, आणि घ्यायला यायचं माणूसच राहिलं नाही. बरेच दिवस खणात ठेवून शेवटी तो स्वतःच घेऊन आला. दारात उभा राहिला आणि डबी पुढे केली. काकांनी ती घेतली. मग त्यानं दुसऱ्या खिशातून एक शिशाचा घोडा काढला. घोड्याचा पुढचा पाय मोडलेला.

"कवळीवाले, हे जमेल का हो तुमच्याकडे?"

काकांनी घोडा उजेडात धरला. "पडला का?"

"मी पाडला. सेनापतीचा आहे. घोड्याशिवाय तो खुळा दिसतो."

दुसऱ्या दिवशी पाय बसला. वर सांधा दिसू नये म्हणून काकांनी मेण घासून तो असा गुळगुळीत केला, की चष्मेवाल्यानं दुकानातलं भिंग लावून बघितलं आणि न विचारता पिशवीभर बिनरंगाचे शिपाई काकांच्या टेबलावर ओतले. बंदुकीत गजानं दारू ठासायचे त्या काळातलं पायदळ. तो सांगायला लागला, की जुन्या लढाया टेबलावर मांडायच्या, नदी जिथे होती तिथेच ठेवायची, कुणाच्या कोटाला कुठला रंग होता ते पुस्तकात बघून लावायचं, आणि मग फासे टाकून बघायचं, की आपण असतो तर काय झालं असतं.

"काय झालं असतं?" काकांनी विचारलं.

"बहुतेक वेळा हरलोच असतो. पण आपल्या अकलेनं."

"हे रंगवणार ना?" चष्मेवाल्यानं विचारलं. काका "हो" म्हणाले. सवयीचाच "हो" होता, पण निदान यानं घरातून काही जाणार नव्हतं.

अडचण नजरेची आली. कवळीचा दात मोठा, शिपायाचा डोळा टाचणीच्या टोकाएवढा. काकांनी इकडेतिकडे शोधलं आणि काकूंची डबी उघडली. नंबर जवळपास जुळत होता. फ्रेम जांभळट, कडेला बारीक खडे. ती नाकावर चढवून काकांनी पहिली तुकडी रंगवली. वाळल्यावर चष्मेवाल्याला बोलावलं. तो वाकून बघत राहिला.

"अहो, हे लढाईला निघालेत की फोटो काढून घ्यायला?"

झालं होतं असं, की काकांनी हाताच्या सवयीनं प्रत्येकाचे ओठ हिरडीच्या गुलाबी रंगानं रंगवले होते, आणि त्यात एकसारखे पांढरेशुभ्र दात भरले होते. तोफेच्या तोंडी उभं असलेलं अख्खं पायदळ दात काढून हसत होतं.

"पुसू?" काका म्हणाले.

"खबरदार. शत्रू घाबरला पाहिजे."

खेळाचे नियम काकांना हळूहळू कळत गेले. एक मात्र पहिल्या डावातच डोक्यात बसला. तुकडीला जबर मार बसला, की ती बिथरते. मग ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, सेनापतीचा हुकूमही ऐकत नाही. तिच्या शेजारी खूण ठेवायची आणि तिच्या नावानं दर फेरीला फासा टाकायचा. सहा पडला, की ती पुन्हा आपली. चष्मेवाला खूण म्हणून शर्टाचं बटण ठेवायचा. काकांनी दवाखान्यातून कापसाची बारीक वळकटी आणली, दात काढल्यावर गालात धरायला देतात ती. आणि बिथरलेली म्हणायच्या ऐवजी ते "बधिर तुकडी" म्हणू लागले. चष्मेवाल्यानं दोनदा सुधारून बघितलं, मग तोही तसंच म्हणू लागला.

इकडे घरोब्याची बातमी दूरच्या शहरातल्या काकांच्या लेकीपर्यंत पोचली. तिनं फोनवर ठणकावून सांगितलं, की रविवारी येते, तुम्हाला घेऊनच जाते, घर बंद करू. खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावलेत. फोन ठेवल्यावर काकांच्या लक्षात आलं, की आपण "हो" म्हणून बसलोय. जावंसं वाटत होतं का? नव्हतं. राहावंसं वाटत होतं का? तेही सांगता येईना. भिंतीला टेकलेला हात तेवढा आठवत होता.

रविवारी दुपारी ती दोन रिकाम्या बॅगा घेऊन आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलं होतं. ते शिवणवाल्या मावशींकडचंच, कशाला हवं ते न विचारता त्यांनी कसं दिलं देव जाणे. कापडाखाली पुस्तकं घालून टेकड्या केल्या होत्या. मध्ये प्लास्टरचा पूल. पुलाच्या तोंडाशी काकांची हसरी तुकडी, शेजारी कापसाची वळकटी.

लेक आधी स्वयंपाकघरात डोकावली, मग आतल्या खोलीत. बाई किंवा मांजर कुठेच नव्हतं. मग तिनं बापाकडे नीट बघितलं.

"बाबा, हा आईचा चष्मा आहे."

"तिचाच. नवा. तिनं घातलाच नाही."

ती बॅगेवरच बसली. चष्मेवाला उठायला लागला, तर तिनं हातानंच त्याला बसवलं. मग तिनं पुलाकडे बोट केलं.

"यांना मागे का घेत नाही? मरतील ना तिथे."

"हलवता येत नाही, ताई," चष्मेवाला म्हणाला. "तुकडी बधिर आहे. फाशावर सहा पडेपर्यंत सेनापतीनं बोट लावायचं नाही."

काकांनी फासा टाकला. दोन. वळकटी तिथेच राहिली.

"आणि कधी पडलाच नाही तर?"

"मग पुढच्या फेरीला परत टाकायचा," काका म्हणाले.

लेक उठली. एक बॅग उघडून तिनं भिंतीवरच्या आईच्या फोटोखालचं कपाट उघडलं, आत बघितलं, आणि कशालाही हात न लावता बंद केलं.

"तुम्ही फोनवर हो म्हणाला होतात, बाबा. आता बोला. मग निघायचं कधी?"

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत नाकावर ठेवला.

"दवाखान्यात प्रत्येकाला सांगतो आम्ही, भूल उतरेपर्यंत काही चावायचं नाही. स्वतःचाच गाल चावला जातो, आणि त्या वेळी कळतही नाही. माझी भूल अजून उतरायचीय."