न घेतलेला चहा

मी वांगणीचं घर सोडलं त्या सकाळी बाबांनी चहा घेतला नाही. कप ओट्यावर तसाच, साय धरलेला. "गडबडीत राहिला असंल गं," आई म्हणाली. मला नाही पटलं. आमच्या गावकीत हात वर करून मतं मोजत नाहीत. देवळात बसतात, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलतात, मग चहा फिरतो. ज्याला निर्णय मान्य नाही तो भांडत नाही, फक्त चहा घेत नाही.

बाबांचं म्हणणं एकच, "लोकांची पोरं अमेरिकेला जातात न् तू आफ्रिकेला? तिकडं काय शिकाचं?"

शिकायचं होतं आंतरराष्ट्रीय राजकारण. कल्याणच्या कॉलेजातली सगळी पुस्तकं युरोप-अमेरिकेची. देश म्हणजे एकमेकांवर टपून बसलेले शेजारी, आणि आफ्रिका फक्त दुष्काळापुरती. तिथल्या माणसांनी यावर काही विचारच केला नसेल? मला तेव्हाच वास आला, हे काहीतरी दडवतायत. म्हणून आफ्रिकेत, दार-एस-सलामच्या विद्यापीठात आले.

इथे तरी डोळे मिटून विश्वास ठेवला? छे! एकदा मॅडम शिकवत होत्या, इथले काही विचारवंत म्हणतात की बहुमत म्हणजे हरलेल्यांना गप्प बसवणं. सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहावं, देशादेशांनीसुद्धा. वर्ग माना डोलवतोय. मी हात वर केला. "आमच्या गावात हेच चालतं, मॅडम. पण बायका खाली पायरीवर बसतात, त्यांना चहाच देत नाहीत. मग त्यांचं पटलं नाही हे कळायचं कसं?"

वाटलं, आता काढतात बाहेर. मॅडम म्हणाल्या, "यावरच प्रबंध लिही."

रविवारी बाबांना फोनवर हे सांगितलं. "गावकीचं बाहेर सांगतंस?" एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

दोन आठवड्यांनी आईचा फोन. फार्महाऊसवाल्याला शेतांतून रस्ता द्यायला गावकी बसली होती. चहा आला तेव्हा बाबा आपला कप घेऊन उठले, पायरीवर आले आणि सगळ्यांदेखत आईपुढे धरला.

"मग?"

"मी नाय घेतला. रस्ता मला पटलाच नव्हता!"

मागून बाबा कुरकुरले, "तुझ्यापायी गावकी परत बसवाची आता."

धीर करून विचारलं, "बाबा, माझं इकडे येणं पटलं का?"

ते म्हणाले, "सुट्टीत ये. चाय घेऊ."

फोन ठेवून मी ढसाढसा रडले. पण घेऊ म्हणाले, घेतला नाही अजून. कप रिकामा झालेला डोळ्यांनी बघेपर्यंत मी काही मानणार नाही. तो बघायला जायचंय, म्हणून वांगणी अजून माझं घर आहे.