दारातलं पाऊल

व्यायामवर्गाच्या दारात हे अचानक थबकले. पार्किन्सन झाल्यापासून दार आलं की यांचे पाय जमिनीला खिळतात. घाबरून मी यांचा हात ओढला.

"काकू, ओढू नका, तोल जाईल," आतून फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "काका, जमिनीवरची ती लाल पट्टी ओलांडा बघू."

"सोड मला," हे पुटपुटले.

मी हात सोडला. इतकी वर्षं सोबत चाललो, पण पाऊल टाकणं ही ठरवून करायची गोष्ट असते, हे कधी मनातही आलं नव्हतं. तेवढ्या क्षणात यांचं डोकं फरशीवर आपटताना मला कितीदा तरी दिसलं.

मग पाय उचलला गेला. पट्टी मागे पडली.

रिक्षात हे म्हणाले, "उद्या तू बाहेरच बस."

मी म्हणाले, "बरं."