कॉम्प्युटरची दुलई

हे सांगायला बसलो तरी माझं डोकं तापतंय, तवा मधी कुणी बोलायचं न्हाई! चहा बशीत ओता, फुंकर मारा, काय करायचं ते करा. पण तोंड बंद. फजिती माझी हाय, ती मला नीट सांगू द्या.

तुमाला ठाऊकच हाय, भोरात आमचं गादीचं दुकान. आजोबापासनं आमी कापूस पिंजतोय. दुकानावर पाटी हाय, म्या स्वतः रंगवून घेतलेली: ‘रशीदभाईंची रजई घ्या, घरातली शेगडी विका!’ राजगडाखाली पालीत थंडीला काय कमी न्हाई, पण तिथली माणसं सुदीक आमच्या रजईत घाम फुटला म्हणून सांगत यायची. खोटं वाटत असंल तर जाऊन इचारा.

तर दोन हजार आठ-नऊचा सुमार. माझी लेक शबाना शारजाला, तिला मुलगा झाला. आमच्या घरात रीत अशी, की सगळ्यात थोरल्या बाईनं बाळाचं तोंड बघायचं आणि मगच नाव ठेवायचं. थोरली म्हणजे माझी अम्मा. गुडघे गेलेले. घरासमोरच्या आमच्याच दुकानापर्यंत येत न्हाई ती शारजाला काय जाणार?

शबानानं फोटो पाठवला. अम्मानं बघितला आणि परत दिला.

“फोटोत समदी पोरं सारखीच दिसत्यात. हलताना, रडताना बघंन, मग नाव सांगंन.”

झालं! तिकडं पोराला नाव न्हाई म्हणून पासपोर्ट अडला, हिकडं म्हातारी अडली. शेवटी जावई म्हणाला, “अब्बा, एक लहान स्वस्तातला कॉम्प्युटर घ्या आणि टीव्हीला जोडा. मी इकडून नेटवर दाखवतो. अम्मा पलंगावर बसून बघतील.”

फोनच्या तारेतनं नेट आमच्याकडं आधीच आलं होतं. राहिला कॉम्प्युटर. म्या पुण्याची एसटी धरली.

दुकानात पहिला दाखवला तो कपाटाएवढा. बटण दाबलं तर घुंऽऽऽ! म्या म्हणलं, ह्यापेक्षा माझं पिंजायचं मशीन गुपचूप चालतं, हा अम्माला झोपू द्यायचा न्हाई. दुसरा घडीचा, मांडीवर घ्यायचा. त्याची किंमत ऐकून मी खुर्चीवरनं उठलोच. मग दुकानदारानं खालच्या कप्प्यातनं तिसरा काढला. लाडवाच्या डब्याएवढा! चालू केला, तर आवाजच न्हाई. म्या कान लावला, तरी न्हाई.

“चाचा, याला आत पंखाच नाही,” दुकानदार म्हणाला. “वीज कमी खातो, टीव्हीवर पिक्चर, गाणी, नेट, सगळं चालतं. फक्त एक लक्षात ठेवा, याच्यावर कधी...”

“मला शिकवू नका!” म्या म्हणलं. “टेप, फ्रिज, मिक्सर, समदं संभाळलंय आमी. बांधा!”

आता बघा, माझ्या स्वभावात एक खोट हाय. तुमी हसू नका. समोरच्याचं वाक्य पुरं होईस्तोवर मला दम निघत न्हाई.

घरी आणला. नवी वस्तू उघडी ठेवायची म्हणजे आमच्या घरात गुन्हा. आमच्या टीव्हीला खोळ, फ्रिजला खोळ, मिक्सरला झालरीची खोळ. आणि नातवाचं तोंड दाखवणारी वस्तू नागडी ठेवू व्हय? दुकानातला एक नंबर कापूस काढला, स्वतः पिंजला, वर लाल साटीन लावलं, बोट-बोट अंतरावर दोरे घातले. अशी गच्च बसणारी दुलई शिवली, की नवरदेवाला लाज वाटावी! वायरीपुरतं एक भोक आणि बटणापुरतं एक.

माझी बायको हमिदा म्हणाली, “अवो, पण त्याला बाजूनं जाळी हाय, ती कशाला...”

“त्या जाळीतनंच धूळ जाती! तुला काय कळतंय?”

पहिल्या शुक्रवारी समदं घर टीव्हीपुढं. अम्मा नवी ओढणी घेऊन बसली. टीव्हीवर शारजातला हॉल दिसला, पडदे दिसले, आमची विहीणबाई दिसली. आवाज फोनवर. विहीणबाई बोलायला लागली ती थांबंचना! हॉस्पिटलातलं जेवण, डॉक्टरीणबाईचा स्वभाव, आणि काय काय. शेवटी शबाना बाळाला घेऊन आतनं निघाली, दारात आली, आणि टप! टीव्ही काळा.

“गेलं?” अम्मा म्हणाली.

मी बटण दाबलं. न्हाई. परत दाबलं. न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात! दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुलईसकट पिशवीत घातला, पुणे गाठलं आणि दुकानदाराच्या टेबलावर आपटला.

“गिऱ्हाईक खेड्यातलं बघून कसला माल गळ्यात मारता?”

त्यानं दुलई काढली, वायरी लावल्या. चालू! म्या म्हणलं, असंच ठेवा, बघतोच. दुपारभर मी तिथं स्टुलावर बसून कसली-कसली गाणी बघितली. मेलं बंद पडंना.

“चाचा, मशीन उत्तम आहे. पण हे जे तुम्ही शिवलंय ना...”

“दुलईला नाव ठेवायचं न्हाई! तीन पिढ्यांचा धंदा हाय!”

बिचाऱ्यानं हात जोडले. मी दुलई चढवली आणि घरी आलो.

पुढच्या शुक्रवारी विहीणबाईला आधीच सांगून ठेवलं, बोलायचं न्हाई. तरी ती बोललीच. बाळ आलं. एक पाय दिसला, गोरापान, आणि टप!

“आता पायावरनं नाव ठेवू का रं?” अम्मा म्हणाली.

म्या ठरवलं, दोष करंटात. सारोळ्याचा दत्तू वायरमन बोलावला. त्यानं बोर्ड उघडला, वायर बदलली, पिन बदलली. मग टीव्हीजवळ गेला आणि दुलईवर हात ठेवून दचकलाच.

“रशीदभाई, हे लई गरम...”

“गरम मी झालोय! तू अर्थिंग बघ!”

“अवो, पण तुमी ह्याच्यावर...”

“दत्तू, तू वायरमन हायस का गादीवाला?”

दत्तूनं सामान आवरलं, चहा सुदीक घेतला न्हाई. जाताना हमिदाजवळ म्हणाला, “वहिनी, ह्यांचं अर्थिंग बघायला पाहिजे.” हे मला नंतर कळलं, न्हाईतर तिथंच धरला असता!

त्याच दिवशी शबानाचा फोन. लेक माझीच, रागबी माझाच.

“अब्बा, बास झालं! उद्या सकाळी शेवटचं दाखवते. नाहीतर सासूबाई म्हणतात, नाव आम्हीच ठेवतो.”

हे अम्मानं ऐकलं. भिंतीकडं तोंड करून बसली. तुमाला सांगतो, ती मला चार शिव्या घालती तर बरं वाटलं असतं. नातवाला नाव ठेवायचा मान घरातनं जाणार, आणि कुणाच्या हातनं? माझ्या!

सकाळी मी तासभर आधीच कॉम्प्युटर चालू करून ठेवला. म्हणलं, आधीच बंद पडायचा तर पडू दे, मग परत लावू. अशी माझी अक्कल! व्हायचं तेच झालं. शारजाचा फोन वाजला आणि हिकडं टप!

मग मात्र माझा तोल सुटला. दुकानदाराला बोललो, दत्तूला बोललो, वीजवाल्यांना, नेटवाल्यांना, ज्यानं हे यंत्र काढलं त्याला बोललो. हमिदा मधी पडली, तिलाबी बोललो. फोनवर शबाना रडतीया, मागं बाळ रडतंय, मी गरजतोय.

आणि अम्मा? अम्मा काठी टेकत-टेकत टीव्हीपाशी गेलेली. दोन्ही तळहात दुलईवर ठेवून, डोळे मिटून उभी.

“अम्मा, काय करतीस?”

“शेकतीया,” अम्मा म्हणाली. “रोज पहाटं बटण दाबती आणि शेकती. तू काय बी म्हण रश्या, ही शेगडी मातर तू झकास आणलीस.”

“शेगडी? अगं, तो कॉम्प्युटर हाय! ती शेगडी न्हा...”

आणि माझं वाक्य माझंच अर्ध्यात राहिलं. हात लावला. चटका बसला! हमिदानं माझ्याकडं बघितलं. मी पाटीकडं बघितलं. दारातनं सरळ दिसती ती: घरातली शेगडी विका.

हमिदानं कातरी आणली, टरटर दोरे तोडले, दुलई काढून फेकली आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला बसली. जरा वेळानं बटण दाबलं. चालू!

टीव्हीवर शबाना आली, रडून डोळे सुजलेले, आणि मांडीवर बाळ. पण काय बाळ! तोंड लालभडक, मुठी आवळलेल्या, टाहो फोडतंय. आणि अंगावर गळ्यापर्यंत गच्च गुंडाळलेली, माझ्या हातची, खास पार्सलनं पाठवलेली रजई. शारजाच्या उकाड्यात!

“अम्मा, दोन आठवडे झाले, सारखा रडतोय बघा,” शबाना म्हणाली. “डॉक्टर झाले, सगळं...”

“आधी ती रजई काढ!” अम्मा ओरडली.

शबानानं काढली. बाळानं दोन उसासे टाकले, पाय ताणले आणि गप पडून आमच्याकडं टकामका बघायला लागलं. अम्मानं त्याला डोळे भरून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

म्या म्हणलं, “अम्मा, त्या रजईचं काय झालं म्हणजे...”

“गप!” अम्मा म्हणाली आणि फोन तोंडाशी धरला. “शबाना, पोराचं नाव साबीर ठेव. खानदानात एकाला तरी सबुरी असू दे.”