सुईताई आणि खोल पाणी

सुईताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त घेणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? सकाळी उपाशीपोटी ताटकळलेली माणसं दार उघडून तिच्याकडे अशी बघायची, जणू त्यांचा चहा तिनेच अडवून ठेवलाय. तसा तो तिनेच अडवलेला असायचा म्हणा.

अशा बाईने ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात घेतलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, आणि तेही एका दमात.

“पैसे भरून दमायचं?” नवरा म्हणाला. तो बस चालवायचा आणि उभं राहणंसुद्धा त्याला जादा व्यायाम वाटायचा.

पण लग्नानंतर तिने स्वतःसाठी सुरू केलेली एकही गोष्ट तडीस गेली नव्हती. शिवणाचा वर्ग, कॉम्प्युटरचा कोर्स, सगळं कुणाच्या तरी तापात नाहीतर परीक्षेत बुडालं. यंदा मात्र तिने हट्टच धरला होता.

मोबाइलमधल्या वेळापत्रकात सगळा सराव पहाटेचा. आणि पहाटे तर तिची गिऱ्हाइकं! पहिल्याच आठवड्यात वेळापत्रकाचे तीन तेरा वाजले. दोन दिवस ती रुसून बसली, मग कामाला लागली. स्कूटर घरी ठेवून नमुन्यांची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली. चढावरची घरं मुद्दाम शेवटी ठेवली. लिफ्टशी बोलणं टाकलं. लेकीची शाळेची बस चुकली, की दोघी पुढच्या थांब्यापर्यंत पळायच्या. हल्ली बस जरा जास्तच चुकते, असं लेकीचं मत होतं. आणि ज्या दिवशी काहीच जमायचं नाही, त्या दिवशी ती एका पायावर उभी राहून भांडी घासायची आणि तोही सराव धरायची.

घोडं अडलं ते पोहण्यापाशी. लेक संध्याकाळी पोहायला शिकायची, त्याच वर्गात आईही घुसली. फळी धरून पाय मारणाऱ्या चिमुरड्यांच्या रांगेत ही एकच थोराड विद्यार्थिनी. उथळ भागात झकास पोहायची. पण पायाखालचा तळ गेला, की तिची पाचावर धारण बसायची आणि हात आपोआप तलावात बांधलेल्या दोरीकडे जायचा. शर्यतवाल्यांची अट तर साफ होती: खोल टोकापासून उथळ टोकापर्यंत कशालाही न धरता पोहता येतं, अशी शिकवणाऱ्या सरांची सही हवी. सही पाठवायचा शेवटचा दिवस आला, तरी ती मिळाली नव्हती.

त्या संध्याकाळीही तिने मध्येच दोरी धरली. “वर्ग सुटल्यावर पुन्हा बघू,” सर म्हणाले. “पण आजच हं, ताई.”

इतक्यात लॅबमधून फोन आला. दुपारी घेतलेलं एका आजोबांचं रक्त गोठलं होतं. रक्त घेतलं, की नळी हलक्या हाताने वरखाली करायची, म्हणजे ते आतल्या औषधात मिसळतं. इतकी वर्षं झोपेतही न चुकलेली ही गोष्ट, पण दुपारी तिचं चित्त पोहण्याच्या परीक्षेत होतं. आजोबांचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. चूक आपली, निस्तरायलाही आपणच जायला हवं. लेकीला सरांवर सोपवून तिने ओल्या पोशाखावरच कोट चढवला आणि सायकल हाणली.

“बाहेर पाऊस पडतोय का?” आजोबांनी विचारलं.

“नाही आजोबा. जरा मूठ वळा.”

या खेपेला तिने नळी इतकी वरखाली केली, की आजोबा म्हणाले, “अहो, सरबत करताय का?”

नळी लॅबमध्ये पोचवून ती परत निघाली, तोवर वर्ग सुटून बराच वेळ झाला होता. आपलं हेही बुडालं, हे तिने मनाशी कबूल केलं. सायकलवर तिला चक्क रडू आलं.

पण तलावावर दिवे चालू होते. सर उथळ टोकाला हनुवटीला हात लावून बसलेले, आणि त्यांच्यासमोर पाण्यात एकच डोकं. लेकीचं.

“बाहेरच येत नाही ही!” सरांनी तिथूनच ओरडून सांगितलं. “मूल पाण्यात असताना मला तलाव बंद करता येत नाही. नियम आहे. आणि तो तिला पाठ आहे!”

तलावाचं दार खोल टोकाला होतं. सुईताई काठावरून गरजली, “आधी बाहेर नीघ! गारठून जाशील!”

“तू पोहत ये. मग निघते.”

“थांब, तिथे येऊन बघतेच तुझ्याकडे!”

कोट एकीकडे, चपला एकीकडे, आणि बाईंनी पाण्यात उडी ठोकली. ताप येईल, उद्या शाळा आहे, बापाला सांगते, एवढं सगळं एका श्वासाआड एक मनात घोकत ती पलीकडे पोचली. लेकीला उचलून काठावर बसवलं, टॉवेलात गुंडाळलं. पोरीची बोटं पाण्याने पार सुरकुतून गेली होती. आपल्यासाठी ही एवढा वेळ कुडकुडत राहिली, या विचाराने आईचं रागवायचं राहूनच गेलं. तिने ती बोटं चोळली, त्यांचे मुके घेतले.

मग तिला परीक्षेची आठवण झाली, आणि ती पुन्हा खोल टोकाकडे जायला उठली.

“घ्या सर,” ती कशीबशी म्हणाली. “बघू जमतंय का.”

सर खिशात पेन चाचपत होते.

“ताई,” ते म्हणाले, “तिकडून इकडे काय चालत आलात?”