कैफियतीतला सातवा परिच्छेद

माझ्या बापाला सरकारनं भर कोर्टात जनावर म्हटलं, तेव्हा मी तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसले होते.

सरकारी वकील उभे राहिले. हातात सरकारची कैफियत. कैफियत म्हणजे आमच्या दाव्याला सरकारनं दिलेलं लेखी उत्तर. न्यायाधीशांनी विचारलं होतं, थोडक्यात सांगा, तुमचं म्हणणं काय? वकिलांनी पानं उलटली आणि सातवा परिच्छेद कन्नडमध्ये वाचायला घेतला. आधी वाचलेला नव्हता हे आवाजावरूनच कळत होतं. बाजाराची यादी वाचावी तसं वाचत होते.

"मृत जनावर मोकाट फिरत असताना स्वतःच्या बेफिकिरीने चरात पडले. वादीने त्यास दावणीला बांधून ठेवणे आवश्यक होते. सबब सरकार जबाबदार नाही."

वाक्य पुरं झालं आणि मगच ते थांबले. वकिलांच्या बाकांवर हशा पिकला. मोठा नाही. तोंडावर फाईल धरून हसतात तसला. टायपिस्ट मुलगी खाली बघून हसली. पट्टेवाल्यानं गप्प बसा म्हणून दटावलं, पण तोही हसतच. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"क्लेरिकल मिस्टेक, सर," सरकारी वकील म्हणाले. "दुरुस्त करून देतो."

"करा," न्यायाधीश म्हणाले. पुढची तारीख पडली. पुढच्या केसचा पुकारा झाला. सगळं मिळून दोन मिनिटं.

मृत जनावर म्हणजे माझा आप्पा. वादी म्हणजे माझी आई. तिनं आपल्या नवऱ्याला दावणीला बांधायला हवं होतं, असं सरकारचं म्हणणं होतं.

आईनं माझा हात ओढला. "काय म्हणाला गं त्यो? हसली कशापायी सगळी?"

मी तेव्हा कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या एका सरकारी मराठी शाळेत कन्नड शिकवत होते. त्या खोलीतल्या कुठल्याही वकिलाइतकंच कन्नड मला येतं. मी म्हणाले, "काय न्हाय आई. तारीख दिली."

"व्हय?" ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

त्या दिवशी सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली ते सांगते. त्यांच्या हसण्याची नाही. माझ्या त्या एका वाक्याची. मी उठून उभं राहायला हवं होतं. मी पिशवीचा दुसरा बंद धरला आणि बाहेर आले.

आप्पा निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत हमाल होता. घरी आला की आधी ओल्या पंच्यानं अंग पुसायचा, मग मला जवळ घ्यायचा. तंबाखूची धूळ लेकीच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून मला बाजारातून फिरवायचा आणि दुकानांच्या कन्नड पाट्या वाचायला लावायचा. "हितं ऱ्हायाचं तर हितलं अक्षर वाचाय आलं पायजे," म्हणायचा. आलं, आप्पा. सातवा परिच्छेद सगळा वाचता आला.

तो गेला ते थंडीचे दिवस होते. पहाटे वखारीत गाडी भरायची होती म्हणून पाचला निघाला. धुकं होतं. आमच्या वस्तीच्या रस्त्यावर मोरीचे पाईप टाकायला एका सरकारी खात्यानं आदल्या संध्याकाळी, आप्पा घरी आल्यावर, रस्ता आडवा चिरला होता. पुरुषभर खोल चर. ना दगड, ना दिवा, ना बांबूला बांधलेली साधी चिंधी. खात्याचं नाव लिहीत नाही, दावा चालू आहे. सूर्य वर आल्यावर ऊसतोडीला निघालेल्या बायकांना चरातून वर आलेलं सायकलचं चाक दिसलं. आप्पाची मान मोडली होती. जेवणाचा डबा मात्र तसाच होता, झाकण घट्ट.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. असलं शहाणपण परवडतं, मेलेला माणूस दुसऱ्याचा असला तर. मी चढले. भरपाईचा आकडा वकिलांनी घातला, मला विचाराल तर मला एकच हवं होतं. कुणीतरी कागदावर लिहून द्यावं की चूक आमची होती, त्याची नव्हती.

पायरी चढल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही. सरकारवर दावा लावायचा तर आधी त्याला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कायदाच आहे तसा. सरकारनं विचार करावा, चूक असेल तर मान्य करावी, कोर्टात न जाता मिटवावं. हेतू चांगला. चर तोवर तसाच वासून पडला होता. वस्तीतल्या लोकांनी त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. नोटीस पोचली त्याच्या पुढच्या आठवड्यात खात्याचा टेम्पो आला. फांद्या बाजूला ओढल्या. चराच्या दोन्ही अंगांना लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पिंपं उभी केली. फोटो काढले. पिंपं टेम्पोत घालून परत नेली. मग चर बुजवला, डांबर टाकलं. शाळेला जाता-येता मी सगळं बघत होते, आणि तेव्हा मला त्यातलं काहीच कळलं नाही. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, जाग आली.

ते फोटो आता कैफियतीला जोडले आहेत. 'सुरक्षेची संपूर्ण खबरदारी घेतलेली होती.' फोटोत शेजारच्या रानातला ऊस तुटून गेलेला आहे. आप्पा गेला त्या पहाटे ऊस डोक्याएवढा उभा होता.

जनावर हा शब्द आमच्या घराला नवा नाही. आजी सांगायची, गावच्या हौदावर म्हशी तोंड घालायच्या आणि ही लांब उभी राहायची, कुणी वरून ओतेल म्हणून. तिच्या मानानं आप्पाला सरकारनं बढतीच दिली, निदान जनावरात तरी धरलं. आम्ही धम्म घेतला, शिकलो, मी मास्तरीण झाले. लोक मला टीचर म्हणून नमस्कार करायला लागले. मला वाटलं होतं, ते सगळं मागं पडलं. मागं काही पडलेलं नसतं. फाईलमध्ये असतं.

आठवड्यानं वकिलांनी बोलावलं. आमचे वकील बेळगावचे, वय झालेले, बोलणं गोड. वाईट माणूस नाही. आधी चहा मागवला. मग एक कागद पुढं सरकवला. सरकारनं दुरुस्तीचा अर्ज केला होता. सातवा परिच्छेद काढून नवा घालायचा. त्यावर मी आणि आईनं 'ना हरकत' लिहून सही करायची, की काम झटक्यात होणार.

"टायपिंगची चूक हाय, टीचर," ते म्हणाले. "कुणाची तरी म्हैस कालव्याच्या चरात पडलीती. त्या केसचा मसुदा ह्यांनी उचलला, नावं बदलली, एक परिच्छेद तसाच ऱ्हायला. माणूस हाय, चूक होतीया. सही करून टाका. सरकारी वकिलाशी आपलं रोजचं काम असतंय."

मी कागदाला हात लावला नाही. म्हणाले, मूळ कैफियत द्या. सगळी वाचली. अकरा परिच्छेद. शेवटच्या पानावर शपथेचा मजकूर होता. 'परिच्छेद एक ते अकरा मी स्वतः वाचले आहेत, समजून घेतले आहेत व ते माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत.' खाली खात्याच्या इंजिनिअर साहेबांची सही. निळी शाई, ऐटबाज, शेवटी लांब शेपूट काढलेली. वर गोल शिक्का.

मी पोरांच्या वह्या तपासते. टायपिंगची चूक मला कळते. कानामात्रा इकडची तिकडं झाली, ती टायपिंगची चूक. इथं टायपिस्टनं म्हैस तशीच ठेवली, कारकुनानं तपासली, वकिलांनी दाखल केली, आणि साहेबांनी शपथेवर सांगितलं की खरं आहे. चार जणांच्या हाताखालून माझा बाप गेला. एकाच्याही नजरेला तो पडला नाही, कारण एकानंही वाचलं नाही. कोण मेलं, कसं मेलं, मागं कोण उरलं, हे सरकारला वाचायचंच नव्हतं. उत्तर आधीच तयार होतं. नावं तेवढी बदलायची होती.

"साहेबांनी हे वाचलं होतं का?" मी विचारलं.

वकील हसले. "साहेब दिवसाला शंभर सह्या करतात."

"पण शपथेवर लिहिलंय, वाचलं म्हणून."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा काळजी दिसली, आणि तेव्हा मला कळलं माझ्या हातात काय आलंय. साहेब म्हणाले वाचलं होतं, तर सरकारनं माझ्या बापाला शपथेवर जनावर ठरवलं. म्हणाले नव्हतं वाचलं, तर शपथ खोटी. आणि ती शपथ खोटी, तर त्याच शपथेखालची पिंपं खोटी, फोटो खोटे, खबरदारी खोटी.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"विचार करा," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही सरकारी शाळेत हायसा. त्यात टेंपररी."

घरी आले तर आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. म्हणाले, आई, त्या दिवशी कोर्टात मी तुझ्याशी खोटं बोलले. मग काय वाचलं ते सगळं सांगितलं. दावणीचंसुद्धा. तिचा हात थांबला नाही. एक विडी पुरी केली, दोरा तोडला.

"मला कळलंतं," ती म्हणाली. "जानुवारु. पानं कमी पडली की कारखान्यातला मुकादम तसंच म्हणायचा आमास्नी. तेवढं कन्नड येतंय मला."

"मग मला विचारलंस कशाला?"

"म्हटलं, तू सांगतीस काय बघूया."

मला रडू फुटलं. तिला नाही. तिनं पुढचं पान घेतलं आणि म्हणाली, "कुठल्या कागदावर सही करायची न्हाय त्यो दाखीव मला. न्हाय तर चुकून करून बसीन."

आम्ही हरकत नोंदवली. त्यानंतर एकेक गोष्ट घडायला लागली. कुणी धमकी दिली नाही. दिली असती तर तक्रार करता आली असती.

मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. दार ओढून घेतलं. "टीचर, एका हातानं सरकारचा पगार घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं सरकारवर केस. बरं दिसत न्हाय. वरनं विचारणा झाली."

"कुणी विचारलं?"

"वरनं."

वर म्हणजे कुठं ते त्यांनी सांगितलं नाही. छताकडे बघितलं.

मग एक माणूस यायला लागला. मोटरसायकल, पांढरा शर्ट. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. मी आले की गाडी चालू करून निघून जायचा. महिनाभर एवढंच. एकदा सरळ दारात आला आणि आईकडे पाणी मागितलं. "मावशी, लेकीला एकटीला पाठवतासा शाळंला? रस्ता वाईट हाय." पाण्याचा तांब्या हातात घेतला, ओठाला लावला नाही, पायरीवर ठेवला आणि गेला. तो कुणी पाठवला, मला माहीत नाही. आईनं ते पाणी गटारात ओतलं आणि तांब्या राखेनं दोनदा घासला.

शाळेत आमच्यासारख्या अतिथी शिक्षकांची नेमणूक दरवर्षी नव्यानं होते. जूनच्या यादीत माझं नाव नव्हतं. कारण विचारलं, तर म्हणाले, कारण द्यावं लागत नाही. आता मी सकाळी शिकवण्या घेते आणि दुपारी आईसमोर दुसरं सूप घेऊन बसते. ज्या सुपापासून मला लांब ठेवायला तिनं सगळा जन्म घालवला, तेच सूप. वाईट वाटतं. रोज वाटतं.

सरकारी काम, सहा महिने थांब, अशी म्हण आहे. सरकारच्या विरोधातलं काम असेल तर किती थांबायचं, ते म्हणीत सांगितलेलं नाही. दुरुस्तीच्या अर्जावर अजून निकाल नाही. वकील म्हणतात, कोर्ट दुरुस्ती देईल. देऊ दे. जुनं पान फाईलमधून फाडत नाहीत, एवढं मी शिकले आहे. त्याच्या कोर्टाच्या शिक्क्याच्या दोन नकला मी काढून घेतल्या. एक घरात आहे, एक घरात नाही. कुठं आहे ते लिहीत नाही.

साहेब साक्षीला यायचं टाळतील. बदली होईल, आजारी पडतील, निवृत्त होतील. निवृत्त माणसालाही समन्स निघतं, तेही मी विचारून ठेवलं आहे. ते पिंजऱ्यात आले की त्यांना पहिला प्रश्न हाच: हा परिच्छेद तुम्ही वाचून सही केलीत का? हो किंवा नाही. वकिलांना मी सांगितलंय, तुम्हाला सरकारी वकिलांची भीड पडत असेल तर वकीलपत्र परत द्या, मी स्वतः उभी राहीन. पक्षकाराला तेवढा हक्क आहे.

पण पहिली वादी मी नाही, आई आहे. म्हणून तो प्रश्न मी तिच्याकडूनही पाठ करून घेतला, शुद्ध कन्नडमध्ये. दुपारी विड्या वळता वळता रोज म्हणायला लावते. सुरुवातीला ती अडखळायची, आता अडखळत नाही. एखाद्या तारखेला मी कोर्टात पोचले नाही, तर तो ती विचारणार आहे.